‘क्रिकेट ०७’: चेंडू कळणारा, सामना न कळणारा गेम

ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ हा व्हिडिओ गेम नोव्हेंबर २००६ मध्ये विंडोज संगणक आणि प्लेस्टेशन २ यांच्यासाठी बाजारात आला. ट्वेन्टी-२० चा पहिला विश्वचषक तेव्हा व्हायचा होता, आयपीएलचा जन्म झालेला नव्हता आणि भारतीय संघ आपला पहिला आंतरराष्ट्रीय ट्वेन्टी-२० सामना १ डिसेंबर २००६ रोजी जोहान्सबर्गला, म्हणजे या गेमनंतर, खेळला. पुढे या कंपनीने संगणकासाठी किंवा कन्सोलसाठी क्रिकेटचा दुसरा गेम काढला नाही. इतरांनी काढलेले गेम दिसायला अधिक देखणे आहेत आणि त्यांतले नियमही आजच्या क्रिकेटचे आहेत. तरीही ‘क्रिकेट ०७’ खेळणारे आजही आहेत, आणि त्या काळात ज्यांच्या घरी किंवा शेजारी संगणक होता त्या मराठी मुलांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. इतके आयुष्य लाभलेल्या गेमकडे केवळ बालपणाच्या मायेने पाहिले तर त्याचे गुणही नीट दिसत नाहीत आणि दोषही. त्याची फलंदाजी आजही हाताला का गोड लागते आणि त्यातला कसोटी सामना पहिल्यापासूनच का फसलेला आहे, हे दोन्ही तपासायला हवे.

फलंदाजीपासूनच सुरुवात करणे योग्य, कारण गेमचा सगळा जीव तिच्यात आहे. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या एचबी स्टुडिओज या संस्थेने तो घडवला आणि फलंदाजीसाठी तिने जी योजना आखली तिला ‘सेंच्युरी स्टिक’ असे नाव दिले. कंट्रोलरवर अंगठ्यांनी फिरवायच्या दोन दांड्या असतात; त्यांपैकी एकीने फलंदाजाचा पाय पुढे किंवा मागे न्यायचा आणि दुसरीने फटक्याची दिशा ठरवायची, अशी ही रचना आहे. वाचताना ती साधी वाटते, पण मैदानावरचा फलंदाज चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत पोहोचेपर्यंतच्या निमिषात हेच दोन निर्णय घेत असतो. पाय कुठे जाणार आणि बॅट कुठे जाणार, हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि ते एकमेकांशी जुळले पाहिजेत, ही क्रिकेटच्या प्रशिक्षणातली पहिली गोष्ट दोन अंगठ्यांच्या हालचालीत उतरवणे हे या गेमच्या रचनाकारांचे खरे यश आहे.

त्याचा परिणाम खेळताना लगेच जाणवतो. ऑफ स्टंपबाहेर आखूड पडलेल्या चेंडूला मागच्या पायावर जाऊन कट केला तर चेंडू पॉइंटच्या बाजूने सीमेकडे धावतो. तोच चेंडू पुढे येऊन ड्राइव्ह करण्याचा हट्ट धरला तर बॅट नुसती हवेत फिरते किंवा कड लागून झेल मागे जातो. पाय बरोबर पडला पण बॅट घाईने फिरली, तर चेंडू हवेत उडतो आणि कव्हरचा क्षेत्ररक्षक तो अलगद टिपतो. चूक नेमकी कुठे झाली हे खेळणाऱ्याला स्वतःलाच कळते, आणि पुढच्या चेंडूवर ती सुधारता येते. बाद झाल्यावर गेमने फसवले असे न वाटता आपण चुकीचा फटका खेळलो असे वाटणे, ही क्रीडाविषयक गेमसाठी फार मोठी गोष्ट आहे. जमलेला कव्हर ड्राइव्ह जमिनीलगत जातो तेव्हा त्यात नशिबाचा भाग नव्हता याची खात्री असते, आणि तोच फटका पुन्हा पुन्हा खेळावासा वाटतो.

दुर्दैवाने आपल्याकडच्या बहुसंख्य खेळणाऱ्यांच्या वाट्याला ही योजना पूर्णपणे आलीच नाही. आपल्याकडे हा गेम प्रामुख्याने संगणकावर आणि कीबोर्डवर खेळला गेला. कीबोर्डवर बाणांच्या कळांनी ठरावीक दिशा मिळतात आणि फटक्यांसाठी वेगळ्या कळा असतात. त्यामुळे पायांचा आणि बॅटचा तो सूक्ष्म मेळ बराचसा हरवतो आणि फलंदाजी म्हणजे योग्य क्षणी कळ दाबणे एवढेच उरते. ज्यांनी हा गेम केवळ कीबोर्डवर खेळून सोडून दिला असेल त्यांनी दोन दांड्यांचा कंट्रोलर जोडून तो पुन्हा खेळून पाहावा, असे मी आवर्जून सांगेन. तो जवळपास वेगळाच गेम वाटतो.

फलंदाजीतला एक मूलभूत दोष मात्र कंट्रोलरनेही जात नाही. चेंडू कुठे टप्पा घेणार याची खूण खेळपट्टीवर उमटते आणि ती फलंदाजालाही दिसते. त्या काळातल्या बहुतेक क्रिकेट गेममध्ये ही पद्धत होती, कारण दूरदर्शन संचाच्या सपाट पडद्यावर चेंडूची खोली डोळ्यांना समजत नाही आणि नवख्या माणसाला काहीतरी आधार द्यावाच लागतो. पण त्यामुळे फलंदाजाची नजर गोलंदाजाच्या मनगटावर राहण्याऐवजी जमिनीवरच्या खुणेवर खिळते. गुगली हातातून ओळखणे, आत येणाऱ्या चेंडूची शिवण वाचणे, आखूड टप्प्याचा चेंडू सुटताक्षणी हेरणे ही सगळी कौशल्ये त्या एका खुणेने निकामी होतात. मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजने २०१४ मध्ये आणलेल्या ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ ने ही खूण काढून टाकली, आणि तो गेम सुरुवातीला अनेकांना अवघड वाटला त्याचे एक मोठे कारण तेच होते. माझ्या मते ब्रॅडमनचा मार्ग क्रिकेटच्या अधिक जवळचा आहे. ‘क्रिकेट ०७’ चा मार्ग मित्रांना एकत्र बसवण्यासाठी अधिक सोयीचा आहे, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे.

याच खुणेमुळे आणि संगणकाच्या ठरावीक गोलंदाजीमुळे एक पळवाट तयार झाली, जी या गेमच्या प्रत्येक खेळाडूला लवकर सापडते. टप्पा बघायचा, पुढे यायचे आणि गोलंदाजाच्या डोक्यावरून समोर उंच फटका मारायचा. एकदा वेळ साधली की षटकार मागून षटकार जातात आणि पाच षटकांच्या सामन्यात खऱ्या क्रिकेटमध्ये कल्पनाही करता येणार नाही एवढ्या धावा फलकावर लागतात. लहान मुलाला त्यातून अपार आनंद मिळतो आणि त्या आनंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ज्या रचनाकारांनी कट आणि ड्राइव्ह यांच्यातला फरक इतक्या काळजीने घडवला, त्यांनी त्या सर्वांवर मात करणारा एकच फटका उघडा ठेवावा, याचे वाईट वाटते. लेट कट किंवा लेग ग्लान्ससारख्या नाजूक फटक्यांना हात लावण्याची गरजच मग उरत नाही.

गोलंदाजीची बाजू फलंदाजीइतकी समृद्ध नसली तरी ती कंटाळवाणी नाही. चेंडूचा प्रकार निवडायचा, खुणेने दिशा आणि टप्पा ठरवायचा आणि गोलंदाज धावत येत असताना वेगाची पट्टी योग्य जागी थांबवायची; हाव धरून उशीर केला तर पाय रेषेपुढे पडून नो-बॉल होतो. वेगवान गोलंदाजाला चेंडू आत-बाहेर वळवता येतो, फिरकी गोलंदाजाकडे त्याचे वेगवेगळे चेंडू असतात. समोर दुसरा माणूस फलंदाजीला असेल तर ही गोलंदाजी खुलते. सलग तीन चेंडू बाहेर जाणारे टाकायचे, फलंदाजाला कव्हरच्या दिशेने झुकवायचे आणि चौथा आत आणून त्याला पायचीत करायचे, हा सापळा माणसावर चालतो. माणसाला आधीचे तीन चेंडू आठवत असतात आणि तीच आठवण त्याला गोत्यात आणते.

संगणकाला ते तीन चेंडू आठवत नाहीत, आणि या गेमचे सारे दुखणे इथेच आहे. त्याचा फलंदाज प्रत्येक चेंडू सुटा खेळतो. आधीच्या चेंडूचा धागा त्याच्या मनात नसतो, आणि सामना कोणत्या वळणावर उभा आहे याची जाणीव तर मुळीच नसते. दहा षटकांच्या सामन्यात हे खपून जाते, कारण तिथे कोणीही सतत मारतच असतो. पण कसोटी सामना निवडला की उणीव उघडी पडते. संघाचे पाच गडी बाद झालेले, दिवसाची शेवटची काही षटके उरलेली, आणि संगणकाचा फलंदाज ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूवर बॅट फेकतो. नसलेली धाव चोरायला निघतो आणि अर्ध्या वाटेत धावचीत होतो. संपूर्ण डाव एका दिवसाच्या आत आटोपतो आणि पाच दिवसांचा सामना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच संपून जातो. वेळ काढणे, खेळपट्टीवर ठाण मांडणे, नव्या चेंडूची षटके निभावून नेणे, या गोष्टी त्याच्या समजुतीत नाहीत.

मुंबईच्या क्रिकेटला ‘खडूस’ हा शब्द अभिमानाने लावला जातो. विकेट सहजासहजी न देणे, समोरच्याला थकवणे आणि मगच धावा वसूल करणे, असा त्याचा रोख आहे. ज्यांनी क्रिकेट या दृष्टीने पाहिले आहे त्यांना ‘क्रिकेट ०७’ मधला कसोटी सामना परका वाटेल. जानेवारी २००४ मध्ये सिडनीला सचिन तेंडुलकरने ४३६ चेंडूंत नाबाद २४१ धावा केल्या. त्या मालिकेत कव्हर ड्राइव्हच्या नादात तो बाद होत होता, म्हणून त्या डावात त्याने तो फटका जवळजवळ वर्ज्य केला. ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज ऑफ स्टंपबाहेर चेंडू टाकत राहिले, तो सोडत राहिला, आणि शेवटी त्यांना त्याच्या पायांवर चेंडू टाकावे लागले. या गेममध्ये असा डाव खेळून पाहावा. चेंडू सोडण्याची मुभा आहे, पण सोडलेल्या चेंडूला किंमत नाही. संगणकाचा गोलंदाज आपल्या संयमाने वैतागत नाही, त्यापायी आपला टप्पा बदलत नाही, कर्णधार क्षेत्ररक्षण पसरवून किंवा आवळून आपल्याला नवा प्रश्न घालत नाही. संयमाचे फळ मिळत नसल्याने खेळणारा आपोआप समोरच्या उंच फटक्याकडे वळतो.

ही उणीव मला अधिक टोचते, कारण गेमची सगळी सजावट ॲशेसभोवती, म्हणजे इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातल्या कसोटी मालिकेभोवती, केलेली आहे. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांचे खेळाडू खऱ्या नावांनी त्यात आहेत, २००५ च्या गाजलेल्या मालिकेतले प्रसंग पुन्हा खेळण्याची सोय आहे, आणि गेम ज्या महिन्यात आला त्याच महिन्यात, २३ नोव्हेंबर २००६ रोजी, ब्रिस्बेनला पुढची ॲशेस सुरू झाली. २००५ ची ती मालिका इंग्लंडने २-१ अशी जिंकली आणि १९८९ मध्ये गमावलेला मान परत मिळवला. तिच्यातला एजबॅस्टनचा दोन धावांचा विजय सर्वांना आठवतो. पण त्या मालिकेचे वैभव तिच्या अनिर्णित सामन्यांतही होते. ओल्ड ट्रॅफर्डला रिकी पाँटिंगने १५६ धावा करून पराभव थोपवला आणि तो बाद झाल्यावर ब्रेट ली व ग्लेन मॅकग्रा या शेवटच्या जोडीने अखेरची चार षटके खेळून काढली. ओव्हलला केविन पीटरसनच्या १५८ धावांनी सामना अनिर्णित राहिला आणि त्या अनिर्णित निकालानेच इंग्लंडला मालिका मिळाली. जो गेम या मालिकेचा गौरव करतो त्याच्या संगणकाला सामना वाचवणे म्हणजे काय हे ठाऊक नसावे, ही त्याची सर्वांत मोठी विसंगती आहे. मॅकग्राच्या जागी संगणकाला उभे केले तर तो पहिल्याच षटकात पुढे सरसावून फटका मारील.

समालोचनाबद्दल मात्र मनापासून चांगले लिहावेसे वाटते. गेममध्ये समालोचन करणारे रिची बेनो आणि मार्क निकोलस हे दोघे २००५ च्या ॲशेसमध्ये इंग्लंडच्या चॅनल ४ वाहिनीवर एकत्र होते, आणि इंग्लंडमधल्या मालिकांचे समालोचन करण्याची बेनो यांची ती शेवटची खेप होती. त्यांचा संथ, नेमका, शब्दांची उधळण न करणारा आवाज गेममध्ये टिकून राहिला आहे. बेनो यांचे एप्रिल २०१५ मध्ये निधन झाले. ज्यांना त्यांचे थेट समालोचन फारसे ऐकायला मिळाले नाही अशा कितीतरी मराठी मुलांनी त्यांचा आवाज प्रथम या गेममध्येच ऐकला असेल. वाक्यांचा साठा मर्यादित आहे आणि काही दिवसांतच तीच वाक्ये पुन्हा कानावर येऊ लागतात, हा दोष खरा आहे. पण आजच्या अनेक गेममधल्या सततच्या आरडाओरड्यापेक्षा ही मोजकी पुनरावृत्ती मला कमी त्रासदायक वाटते.

भारतीय खेळणाऱ्याला सर्वांत आधी खटकते ती नावांची बाब. भारतीय संघाचे हक्क कंपनीकडे नसल्यामुळे आपले खेळाडू खऱ्या नावांनी गेममध्ये नाहीत. फलंदाजीची ढब आणि क्रम पाहून कोण कुणाच्या जागी आहे हे ओळखायचे, असा प्रकार आहे. हे दुखणे या एकाच गेमचे नाही. २०२३ मध्ये आलेल्या ‘क्रिकेट २४’ मध्येही भारताचा राष्ट्रीय संघ अधिकृत स्वरूपात नव्हता. ‘क्रिकेट ०७’ च्या बाबतीत ही पोकळी चाहत्यांनी भरून काढली, आणि गेम इतका टिकला याचे निम्मे श्रेय मी त्यांना देईन. संघांच्या याद्या, गणवेश, चेहरे, बॅट, मैदाने, धावफलकाची मांडणी, असे सर्व काही बदलणारे पॅच, म्हणजे मूळ गेमवर चढवायच्या फाइल, त्यांनी वर्षानुवर्षे तयार केले आणि आयपीएलचे संघही त्यात आणून बसवले. मूळ गेममधल्या फाइल बदलता येण्याजोग्या होत्या, म्हणून हे शक्य झाले. पॅच उतरवून घेताना तो विश्वासाच्या ठिकाणाहून घ्यावा आणि मूळ फाइलची प्रत वेगळी जपून ठेवावी, कारण दोन पॅच एकमेकांत मिसळले की गेम सुरूच होत नाही, असे घडू शकते.

पॅचने वेश बदलतो, नियम बदलत नाहीत. एकदिवसीय सामन्यांत फ्री हिट २००७ च्या उत्तरार्धात आला आणि पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी २००८ मध्ये प्रथम आजमावली गेली, त्यामुळे या दोन्ही गोष्टी गेममध्ये नाहीत. पायचीतचा निर्णय चुकीचा वाटला तरी तो निमूट स्वीकारावा लागतो. त्या काळचे क्रिकेट तसेच होते, म्हणून याला मी दोष मानत नाही. महिलांचे संघ नाहीत, ही बाब मात्र आज अधिक जाणवते. सांगलीच्या स्मृती मानधनाला आदर्श मानणाऱ्या मुलीसाठी गेम शोधायचा असेल तर २०१७ च्या ‘ॲशेस क्रिकेट’ पासून पुढचे गेम पाहावेत, कारण त्यात महिलांच्या संघांना स्थान मिळाले आहे.

क्षेत्ररक्षणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ते बरेचसे आपोआप होते आणि झेलात खेळणाऱ्याच्या कौशल्याला वाव कमीच आहे. प्रेक्षक सपाट आहेत, चेहरे ओबडधोबड आहेत, आणि चौरसाकडे झुकणाऱ्या जुन्या पडद्यासाठी बनलेले चित्र आजच्या रुंद पडद्यावर ताणलेले दिसते. याच साधेपणाचा फायदा असा की महागडे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या लॅपटॉपवरही तो सुरळीत चालतो.

हा गेम आता नवा विकत मिळत नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात मूळ डिस्क शोधावी लागते. इंटरनेटवर फिरणाऱ्या चोरट्या प्रतींमधून संगणकात काय शिरेल याचा भरवसा नसतो, म्हणून त्या वाटेला जाऊ नये. कसोटी क्रिकेटसाठी हा गेम घेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. त्यापेक्षा ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ किंवा त्याच घरातले पुढचे गेम घ्यावेत. तिथे सोळा वर्षांच्या एकाच खेळाडूपासून कारकीर्द सुरू करून त्याला पायरीपायरीने वर नेता येते, आणि बचावाला काही अर्थ असतो. मात्र घरात दोन माणसे असतील, दोन दांड्यांचे दोन कंट्रोलर असतील आणि दहा किंवा वीस षटकांचा सामना खेळायचा असेल, तर ‘क्रिकेट ०७’ इतका निर्मळ आनंद देणारे क्रिकेट गेम आजही मोजकेच आहेत. समोर माणूस असला की त्याला आधीचे तीन चेंडू आठवतात, तो धाव चोरताना विचार करतो, आणि संगणकाची उणीव आपोआप झाकली जाते. गोलंदाजाच्या डोक्यावरून उंच फटका षटकात एकदाच मारायचा, असे दोघांनी नाणेफेकीआधी ठरवून घ्यावे; कव्हर ड्राइव्ह आणि कट मग आपल्या जागी परत येतात.